गॅमा नाइफनंतरचा आठवा महिना

2022 च्या दिवाळीआधीचा आठवडा. मी घरी ब्लाउज शिवते, त्या दिवसांत रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं. काजं मात्र हातानेच करते. एका संध्याकाळी सुई बोटांतून सारखी निसटायला लागली. वाटलं, दमलेय. सकाळी कापड आणि अस्तर एकत्र धरलं, तर चिमटीत एक थर आहे की दोन, तेच कळेना. डोळ्यांनी बघावं लागलं.

आदल्या वर्षी मला फिट आली तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला एव्हीएम सापडलं होतं. यात धमनीतलं रक्त मधल्या केशवाहिन्यांना वगळून जोरात थेट शिरेत शिरतं. तिथे वाहिन्यांचा गुंता झालेला असतो आणि तो कधीही फुटू शकतो. माझा गुंता तीन सेंटिमीटरहून लहान, पण उजव्या हाताच्या भागाला अगदी लागून. म्हणून डोकं न उघडता गॅमा नाइफ करायचं ठरलं. नाव चाकूचं असलं तरी कापाकापी नसते. कोबाल्टचे दोनशेच्या आसपास बारीक किरण एका जागी एकवटतात. फेब्रुवारीत मुंबईला गेलो. कपाळावर आणि डोक्यामागे जागा बधिर करून चार स्क्रूंनी फ्रेम बसवली, एमआरआय आणि जांघेतून अँजिओग्राफी झाली, मग मशीन. दुसऱ्या दिवशी घरी. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण किरणांनी वाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू जाड होत जातं. गुंता पूर्ण बुजायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर फुटायची भीती असतेच. एवढं मला माहीत होतं. आजूबाजूच्या मेंदूला सूज येऊ शकते आणि ती सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा येते, हे मात्र कुणी नीट समजावलं नव्हतं. त्याचा मला आजही राग आहे.

त्यामुळे हात बधिर झाला तेव्हा मला वाटलं, फुटलं. गावातल्या डॉक्टरांनी अर्धांगाचा झटका म्हणून रक्त पातळ करायची गोळी लिहायला घेतली. ह्यांनी फाइल पुढे केली आणि म्हणाले, "आधी स्कॅन करू, मग गोळी." सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. एमआरआयमध्ये गुंत्याभोवती पांढरा ढग दिसला. ती सूज होती. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो बघून डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलं, फिटची गोळी तशीच ठेवली. ते म्हणाले, असा बदल साधारण तिघांतल्या एकाच्या एमआरआयमध्ये दिसतो, त्रास दहातल्या एखाद्याला होतो आणि कायमचा त्रास फार थोड्यांना राहतो. हे फेब्रुवारीत ऐकलं असतं तर ती एक रात्र मी मुलीला जवळ घेऊन रडत काढली नसती.

स्टेरॉइडने हात चार दिवसांत हलका वाटायला लागला, पण तोंड फुगलं, साखर वाढली, रात्री तीनला भूक लागायची. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून मी गोळी मनानेच बंद केली. दोन दिवसांत डोकं ठणकायला लागलं, बोटं पुन्हा मेली. ही गोळी एकदम तोडायची नसते, पायरीपायरीने उतरवायची असते. मग जाऊबाईंनी कॅलेंडरवर रोजचा डोस लिहून दिला. पूर्ण उतरायला अडीच महिने लागले. त्या दिवाळीचे सगळे ब्लाउज जाऊबाईंनी आणि शेजारच्या ताईंनी पूर्ण केले.

कुणाचं गॅमा नाइफ ठरलं असेल तर आधीच विचारून घ्या: सूज आली तर कशी ओळखायची, पहिला फोन कुणाला करायचा? आणि फाइल घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. आमची देवघराच्या खालच्या खणात होती, म्हणून ह्यांना लगेच सापडली.

2025 मध्ये पुन्हा जांघेतून अँजिओग्राफी केली. गुंता बुजला होता. काही जणांना फार वर्षांनी त्या जागी पाण्याची गाठ होते, म्हणून अधूनमधून एमआरआय चालू ठेवायला सांगितलंय. उजव्या तर्जनीचं टोक अजून थोडं बधिर आहे. काजं करताना मी आता अंगठा आणि मधलं बोट वापरते. टाका पूर्वीपेक्षा जरा मोठा पडतो.