तीन गोण्या ब्राह्मी

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका वनौषधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमचं सगळ्यात खपाचं उत्पादन म्हणजे मुलांच्या 'एकाग्रतेसाठी' ब्राह्मीचं सिरप.

त्या मंगळवारी तीन गोण्या आल्या. ब्राह्मी आली की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठली? आपल्या कितीतरी घरांत ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीच दाखवतात, ती गोल, कातरलेल्या काठाची पानं. फार्माकोपियातली, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथातली, ब्राह्मी वेगळी: बॅकोपा मोनिएरी. इवलीशी, मांसल पानं आणि चव कडूजहर. मी गोणीत हात घालून एक पान चावलं. तोंड वाकडं झालं, म्हणजे शुभशकुन. मग अर्कातले घटक ठिपक्यांत वेगळे करून दाखवणारी टीएलसीची प्लेट लावली, ठिपक्यांना रंग यावा म्हणून ॲनिसाल्डिहाइड फवारून ओव्हनमध्ये ठेवली. जांभळे ठिपके प्रमाण नमुन्याशी तंतोतंत जुळले. बॅकोसाइड, म्हणजे ब्राह्मीतला मुख्य घटक, तोही भरपूर. व्यापारी फोनवर म्हणाला, "बेन, माल एकदम चोख्खो छे." मलाही तेच वाटत होतं.

शिशाची तपासणी मी नेहमी शेवटी करते, कंटाळवाणी असते म्हणून. पूड नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, गाळायची, मशीनला द्यायची. मर्यादा १० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. आकडा आला १७. फ्लास्क नीट धुतला नसेल म्हणून पुन्हा केलं. १६.८.

मग गोणीतल्या मूठभर काड्या बादलीत धुतल्या. पेरांवरच्या मुळांमधून काळा गाळ सुटला, पाण्याला गटाराचा वास. धुतलेली ब्राह्मी वाळवून बुधवारी परत तपासली तर १४. माती गेली, शिसं झाडातच होतं. ही वनस्पती दलदलीत वाढते आणि पाण्यातले जड धातू ओढून घेते. सांडपाण्याच्या काठची असेल तर बघायलाच नको. ही कुठली, हे व्यापाऱ्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि शिसं मुलांच्या मेंदूचं काय करतं? लक्ष टिकू देत नाही, बुद्ध्यांक खाली आणतं. 'एवढं चालेल' असं म्हणावं अशी सुरक्षित पातळीच त्याला नाही. ज्या तक्रारीसाठी आई सिरप पाजणार, तिलाच चमच्याचमच्यानं खतपाणी.

साहेबांनी रिपोर्ट पाहिला. "मागचा लॉट तीनचा आहे ना? समसमान मिसळून टाका, दहावर येईल. जरा जास्त घाला, आत बसेल." गणित चोख होतं, राग त्याचाच आला. मी काही न बोलता तिन्ही गोण्यांना लाल लेबलं लावली आणि रजिस्टरमध्ये 'नापास' लिहून खाली सही केली. शाई वाळेपर्यंत ते बघत उभे होते. मग म्हणाले, "बघू."

संध्याकाळी दांडिया बाजारात घरी आले तर शेजारच्या काकू झोपाळ्यावर वाटच बघत होत्या. आठ वर्षांच्या नातवाला नुकतंच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालंय. "अगं, तू त्यातली. ब्राह्मीनं उतरेल का हे?"

मी त्यांना सांगितलं, ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना १४ आठवडे ब्राह्मीचा अर्क देऊन पाहिला. वागण्याच्या मोजमापात औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळक फरक पडला नाही. काकूंचा चेहरा उतरला. म्हणून म्हटलं, झाडातून औषध निघत नाही असं नाही हो. गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं, लहानपणी सुरू होणाऱ्या दोन हट्टी अपस्मारांवर. पण ती पानं वाटून दिलेली नाहीत. शुद्ध केलेला एकच रेणू, प्रत्येक मिलिलिटरमध्ये किती ते ठरलेलं.

"गांजा?" काकू झोपाळ्यावरून उठल्याच. मला हसू आवरेना. तिकडे नातवानं माझ्या पर्समधला पेन काढून तीनदा उघडला, बंद केला, स्प्रिंग सोफ्याखाली घालवली आणि ती शोधायला आडवा झाला. बरं, शोधत मात्र राहिला. चांगली दहा मिनिटं.

"डॉक्टरांनी दिलेलं बंद करू नका, आणि बाटलीतलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका," मी म्हटलं.

"तुझ्या कंपनीचं तरी? ते तर तूच तपासतेस ना?"

मला एकदम ते "बघू" आठवलं.

"नको," मी म्हटलं. "आमचंही नको."