भटाला दिली ओसरी

मुलाकडे इटलीत बोलोन्याला जायचं ठरलं २०२४ च्या नोव्हेंबरात, तेव्हा बॅगेत सगळ्यात आधी काय गेलं तर छत्री. फोल्डिंगची नाही हं, लांब दांड्याची, काळी, वाकड्या मुठीची. आम्ही मूळचे चिपळूणचे, फोल्डिंगच्या छत्रीला आमच्यात कोणी छत्री मानत नाही, ती पुण्यातल्या पावसाला ठीक आहे. ती बाई बॅगेत तिरकीसुद्धा बसेना म्हणून चकल्यांचा डबा बाहेर काढावा लागला, हे मुलाला मी अजून सांगितलेलं नाही.

उतरलो तेव्हा पाऊस होताच. आपल्यासारखा कोसळणारा नाही, नुसती चिरचिर, नळाचा वॉशर गेल्यासारखी. मी मोठ्या अभिमानाने छत्री उघडली, स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला, पुढच्या रस्त्याच्या कमानींखाली शिरले आणि मुलगा म्हणाला, "आई, मिट ती आता, कोणाच्या तरी डोळ्यात जाईल." मिटली. ती मिटलेलीच राहिली. स्टेशनपासून मधल्या मोठ्या चौकापर्यंत आम्ही बॅगा ओढत गेलो, वीसेक मिनिटं, बाजूला पाऊस पडतोय आणि आपण कोरडे. फक्त गल्ली आडवी आली की चार पावलं डोक्यावर थेंब, की परत छप्पर. फरशीसुद्धा काय, आपल्या जुन्या घरांतल्या मोझॅकसारखी, दगडाचे बारीक तुकडे घालून घासून गुळगुळीत केलेली, बॅगेची चाकं घरात चालवल्यासारखी चालत होती. मला मनातल्या मनात सारखं वाटत होतं की चपला बाहेर काढायला हव्या होत्या.

तर ह्याला तिकडे म्हणतात पोर्तिको. घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला, खाली खांब, कमानी, आणि मधून लोकांची जायची वाट. मुलाने पहिल्या वेळी फोनवर सांगितलं होतं तेव्हा मी म्हटलं, अरे म्हणजे ओसरीच की. तो म्हणाला, हो, पण सलग, ह्या घराची संपली की त्या घराची सुरू. आता ही सगळी ओसरी एकापुढे एक ठेवली तर बासष्ट किलोमीटर होते, त्यातली अडतीसेक जुन्या गावात. पुण्याहून निघालात तर ओसरीओसरीने लोणावळ्याच्या जवळपास पोचाल.

आणि ही गोष्ट सुरू कशी झाली ते कळलं तेव्हा मी भर रस्त्यात हसले. तिथलं विद्यापीठ १०८८ चं मानतात. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत गावोगावची पोरं शिकायला येऊन पडायला लागली, खेड्यांतूनही माणसं आली, खोल्या कमी पडल्या. घरमालकांनी काय करावं? वरचा मजला हातभर गल्लीवर पुढे काढला. खालून लाकडाचे तिरके टेकू दिले. मग अजून हातभर. मग टेकूंना पेलेना तेव्हा सरळ जमिनीपासून खांब उभे केले. आपल्याकडे सोसायटीत बाल्कनी आत घेऊन बेडरूम करतात ना, आणि मग ग्रिल, आणि ग्रिलच्या बाहेर कुंड्या, तेच हे, फक्त आठशे वर्षांपूर्वीचं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

पण पुढे त्या गावाने जे केलं ते आपल्या कुठल्याही सोसायटीच्या कमिटीला सुचलं नसतं. १२८८ साली नियमच काढला, की नवं घर बांधाल तर पोर्तिको हवाच, जुन्याला नसेल आणि जागा असेल तर काढा, खर्च तुमचा, डागडुजी तुमची, आणि खालून जायचा हक्क मात्र सगळ्यांचा. उंची किती तर त्यांच्या मापाने निदान सात फूट, म्हणजे दोन मीटर सहासष्ट सेंटीमीटर, कारण घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं आपटायला नको. वर पसरा हवे तेवढे हातपाय, खाली वाट मोकळी ठेवा. म्हणजे इथे ओसरी दिली ती घरमालकाने आणि भट कोण, तर अख्खं गाव. मुंबईत फोर्टात दादाभाई नौरोजी रोडला कमानींखालून भर जुलैत चाललेल्यांना हे सुख थोडंफार माहीत आहे, पण तिथे एक रस्ता आहे हो, इथे सगळं गाव.

सुरुवातीचे खांब लाकडाचे होते. १५६८ ला हुकूम निघाला की लाकूड काढा, विटेचे नाहीतर दगडाचे करा. तरी काहींनी ऐकलं नाही (मला अशा माणसांबद्दल फार प्रेम वाटतं) आणि काही लाकडी अजून उभे आहेत. स्त्रादा माज्जोरे नावाच्या रस्त्यावर काझा इझोलानी म्हणून तेराव्या शतकातलं घर आहे, त्याचे ओकचे खांब नऊ-नऊ मीटर उंच. जवळ जाऊन बघितलं तर लाकूड काळपट, उभ्या भेगा पडलेलं, आमच्या जुन्या घराच्या खांबांना पडायच्या तश्शा, ज्यात आम्ही लहानपणी पेन्सिलींचे तुकडे लपवायचो. मी हात लावून बघितला. वर छताच्या लाकडात तीन बाण रुतलेत म्हणतात, बेवफा बायकोला मारायला आलेले तिरंदाज तिला खिडकीत बिनकपड्यांची बघून नेम चुकले अशी कथा. मान मोडेस्तोवर बघत बसले, मला एकच दिसला. शेजारी एक आजोबा आपले त्याच खांबाला टेकून सिगरेट ओढत होते, त्यांना बाणाचं काही नव्हतं.

हवेचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ ला, आम्ही जुलैत गेलो होतो, आणि युरोप म्हणजे गार ह्या समजुतीने ह्यांनी दोन स्वेटर घेतले होते. पारा पस्तिशीच्या पुढे. आणि नुसतं ऊन नाही, घामट, चिकट, कोकणातल्या मे महिन्यासारखं, तिकडे त्याला आफा म्हणतात आणि म्हणताना अर्धा जीव बाहेर सोडतात, शब्दच तसा आहे. हे गाव पो नदीच्या मैदानाच्या दक्षिण कडेला, मागे आपेनीन डोंगर, उत्तरेला लांब आल्प्स, म्हणजे परातीत ठेवल्यासारखं. हवा हलतच नाही. उन्हाळ्यात तीच उकडते आणि हिवाळ्यात तीच धुकं होऊन बसते. वर्षाचा पाऊस म्हणाल तर पुण्याच्याच आसपास, सातेकशे मिलिमीटर, पण आपण चार महिन्यांत उरकतो, ते बारा महिने पुरवून पुरवून वापरतात. आता अशा हवेत, ऊन, चिरचिर, मधूनच बर्फ, ह्या सगळ्यावर जर एकच इलाज सापडला असेल तर माणसं तो बासष्ट किलोमीटर का नाही ताणणार? जुलैत दुपारी चौक ओस असायचा आणि कमानींखाली सगळं गाव, खुर्च्या टाकून, कुत्री फरशीवर पोट टेकून झोपलेली.

बाकी टुरिस्ट लोक जे बघतात तेही बघितलंच. दोन मनोरे आहेत, आझिनेल्ली आणि गारिझेंदा. आझिनेल्ली सत्त्याण्णव मीटर, चारशे अठ्ठ्याण्णव लाकडी पायऱ्या, तेव्हा चढायला मिळायचं म्हणून आम्ही दोघं चढलो. मुलगा खाली जेलातो खात उभा राहिला, कारण डिग्रीच्या आधी वर गेलं की डिग्री मिळत नाही असं तिथली पोरं मानतात, आणि हा पीएचडीवाला, विज्ञानाचा! दुसरा गारिझेंदा अठ्ठेचाळीस मीटरचा आणि भयंकर कलंडलेला, साठेक मीटरचा होता तो चौदाव्या शतकात भीतीने वरून छाटला. तिकडचा जुना कवी दांते, त्याने लिहून ठेवलंय, की त्याच्या झुकलेल्या बाजूला खाली उभं राहिलं आणि वरून ढग गेला तर मनोराच अंगावर येतोय असं वाटतं. जुलैत मी उभी राहून बघितलं पण ढग म्हणून नव्हता. आणि नोव्हेंबरात ढगच ढग, तर आता २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच्या भोवती बंदी, पडेल म्हणून. सां पेत्रोनियोचं मोठं चर्च आहे, तिथे कास्सिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ ला जमिनीवर सदुसष्टेक मीटरची रेघ आखली, छताच्या भोकातून ऊन येतं आणि दुपारी बरोबर त्या रेघेवर पडतं. नोव्हेंबरातले चार दिवस गेलो, ऊनच नाही. पाचव्या दिवशी मी कंटाळून चौकातल्या कमानींखाली जाऊन बसले. तिथेच एका जुन्या वाड्याखाली एक घुमट आहे, एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. मुलगा पलीकडून म्हणाला, "आई, चकल्या आणल्यास का?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मला सगळ्यात आवडलं ते सान लुका. गावाबाहेर टेकडीवर मेरीचं देऊळ (देऊळच म्हणते, चर्च म्हटलं की तो भाव येत नाही), तिथे काळपट चेहऱ्याची तिची जुनी तसबीर आहे. १४३३ साली पाऊस थांबेना, पिकं कुजायला लागली, तेव्हा लोकांनी तसबीर मिरवत गावात आणली आणि पाऊस थांबला म्हणतात. आपण पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवतो, ह्यांनी पाऊस थांबावा म्हणून देव पाण्यापावसातून चालवत आणला. तेव्हापासून दर वर्षी, हल्ली मे महिन्याच्या सुमारास, ती खाली येते, आठवडाभर राहते, परत जाते. पालखीच म्हणा की. आणि मग पालखी भिजते, वारकरी भिजतात, तर ह्यांनी काय केलं, तर सारागोझ्झा दरवाजापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत अख्ख्या वाटेवर छप्पर घातलं. १६७४ ला सुरुवात. सहाशे सहासष्ट कमानी, पावणेचार किलोमीटर. १६७७ मध्ये तर गावातली माणसं दरवाजापासून टेकडीपर्यंत रांग लावून उभी राहिली आणि हातोहात बांधकामाचं सामान वर पोचवलं. आमच्याकडे विहिरीवरून कळश्या अशाच यायच्या.

मुलाची खोली ह्या वाटेवरच, त्यामुळे मी एका सकाळी एकटीच निघाले. छत्री घेतली, काठी म्हणून. पहिला भाग सपाट, दुकानं, बस स्टॉप, मग मेलोन्चेल्लोची कमान लागते आणि तिथून जी चढण सुरू होते ती काही विचारू नका. कमानींवर जागोजाग पैसे देणाऱ्यांची नावं कोरलेली, आपल्या देवळात पायरीपायरीवर असतात तशी, घराण्यांची, धंदेवाल्यांच्या मंडळांची. पळणारी पोरं बाजूने फुसफुसत वर जात होती, खाली येताना मला तीच परत भेटत होती. एक म्हातारी हातात पावाची पिशवी घेऊन अशी चालत होती की मला लाज वाटली. बाहेर धुकं इतकं दाट की कमानीतून बघितलं तर पांढरा पडदा, पुढे काही नाही, मागे काही नाही, फक्त पुढची दहा कमानी आणि मागची दहा. वर पोचले तरी खाली शहर नव्हतंच. मी मूर्तीला, म्हणजे तसबिरीला, नमस्कार केला आणि पाय दाबत बाकावर बसले.

ओसरीचा मात्र एक घोटाळा आहे, तिला वरून येणारं पाणी कळतं, खालून येणारं कळत नाही. मी जायच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरात, रावोने नावाचा ओढा जो गावात जमिनीखालून बंदिस्त वाहतो तो एका रात्रीच्या पावसाने बाहेर आला आणि साफ्फी रस्त्यावर पाणीच पाणी. मुलाच्या मित्राचं तळघर गेलं. तो सांगत होता चिखल कसा काढला आणि मी मान हलवत होते, कारण २०२१ च्या २२ जुलैला आमच्या चिपळूणच्या घरात वाशिष्ठी आली ती माजघरापर्यंत, आणि आठवडाभर आम्ही पडवीतून घमेल्याने चिखल उपसत होतो. त्याच आठवड्यात, २८ जुलैला, युनेस्कोने बोलोन्याच्या पोर्तिकोंना वारसा म्हणून यादीत घेतलं. हे मला नंतर कळलं. कळून तरी तेव्हा काय करणार होते म्हणा, हातात घमेलं होतं.

परतायच्या आदल्या रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. ती चिपळूणलाच असते, पंच्याऐंशीची आहे, कान पक्के. तिला मी फोन फिरवून कमानी दाखवल्या, खांब दाखवले, सांगितलं की सगळ्या गावाला अशी ओसरी आहे, बासष्ट किलोमीटर. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाली, "अगो, पण एवढी झाडतं कोण?"

मी सांगितलं, ज्याचं घर तो आपापली बघतो. आणि खरंच, रोज सकाळी मुलाच्या घराखालचा बेकरीवाला बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन फरशी धुवायचा, अगदी आपल्या शेवटच्या खांबापर्यंत, रेघ मारल्यासारखा तिथे थांबायचा, पुढचं केशकर्तनालयवाल्याचं.

"नि जातं-येतं कोण?"

"कोणीही."

"मग ठीकाय," आई म्हणाली, आणि विचारलं की आमसुलं संपली असतील तर येताना घेऊन जा, ह्या वर्षी चांगली झालीत.