जनाबाईचा अभंग मोजायलो, आठवडा तिसरा

मंडळी, 'विठू माझा लेकुरवाळा' अक्षर-अक्षर पुरा मोजून झाला, सहाही कडवी. जनाबाईचं गाव गंगाखेड आमच्या परभणी जिल्ह्यातलंच, म्हणून सुरुवात जनाबाईपासूनच करायची हे ठरलेलं होतं.

लहान अभंग म्हणजे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आन् शेवटाला यमक, जोडाक्षर एकच धरायचं, र्‍हस्व-दीर्घ बघायचं नाही, एवढं डोक्यात ठेवून बसलो आन् पहिलाच चरण नऊ निघाला. वि-ठू-मा-झा-ले-कु-र-वा-ळा. परत मोजलं, नऊच. 'गोरा कुंभार मांडीवरी' पण नऊ, 'बंका कडियेवरी' सात, 'जनी म्हणे गोपाळा' सात.

मग आजीला म्हणायला लावलं. ती 'लेकुर्वाळा' म्हणती, कुंभारातला र पण पुढच्या मांडीला चिकटवती, झाले आठ. मला वाटलं सापडला नियम, मधला अकार गिळायचा. पण तोच नियम 'सोपानाचा हात धरी'ला लावला की सातच उरतात, आन् तिथं आजी 'हा-त' मोकळं म्हणती! 'बंकाऽ' आन् 'म्हणेऽ' लांबवून सातचे आठ पण तीच करती. हे छापील पानावरनं कधीच कळलं नसतं, अभंग मोजायचा तर आधी कुणाच्या तरी तोंडून ऐका.

आता खरी गंमत बघा. सहाच्या सहा दुसरे चरण पक्के आठ आहेत, एक अक्षर इकडं-तिकडं नाही. जे काही कमी-जास्त हाय ते पहिल्या चरणात. लेकुरवाळा-मेळा यमकानं सुरू होतं आन् गोपाळा-सोहळा करून त्याच 'ळा'वर येऊन थांबतं. मधी 'वरी' तीनदा येतं, खांद्यावरी, मांडीवरी, कडियेवरी, म्हणजे लेकरू जिथं बसलंय तीच जागा यमकाला आलीय. आन् मधल्या ज्या एका कडव्यात अंगावर कुणीच नाही, ज्ञानेश्वर पुढं चालतो, मुक्ताई मागं, तिथंच यमक बदलतं, ज्ञानेश्वर-सुंदर. हे दिसलं तवा मी वही बाजूला ठेवून नुसता म्हणत बसलो लई वेळ.

पुढच्या आठवड्यात मोठा अभंग घेतो, सहा-सहा-सहा-चार, बावीस अक्षरांचा. नामदेवांनी हे गणित स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय, तोच अभंग त्याच्याच मापानं मोजायचाय. तुमच्याकडं 'बंका कडियेवरी' वेगळं म्हणत असतील तर कळवा, चालीसकट.