जुना वॉल्व्ह अँप लावून बघायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वॉल्व्ह अँप म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर (वॉल्व्हवर) चालणारा गिटारचा अँप्लिफायर. त्याबद्दलचा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "१९६५ च्या सुमाराचा फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब मिळतोय, लावून वाजवून बघू का?"

नको. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या अँपमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. थेट वीज दिली की एखादा शॉर्ट होतो आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. कपॅसिटर दुकानात मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

वय तपासायचं तर ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचा. ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी; ६०६-५२४ म्हणजे १९६५ चा चोविसावा आठवडा. स्पीकरवर ४६५ असेल तर ऑक्सफर्ड, २२० असेल तर जेन्सन. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या वॉल्व्हच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो: पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ओएच' (OH) म्हणजे ऑगस्ट १९६५. सुटे भाग शिक्क्याच्या आधीचेच हवेत. नंतरचे दिसले तर ते बदललेले आहेत, आणि किंमतही त्या हिशोबानेच बोला.

चॅसिस (सगळे भाग बसवलेली पत्र्याची पेटी) उघडल्यावर प्लग काढलेला असला तरी हात घालू नका. आत चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. प्रत्येक फिल्टर कपॅसिटर (वर सांगितलेले मोठे इलेक्ट्रोलिटिक) १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून चॅसिसला रिकामा करा, मग मीटरने खात्री करा. हे कपॅसिटर पत्र्याच्या झाकणाखाली असतात: १६ मायक्रोफॅरडचे पाच. फुगलेले, गळलेले नसले तरी पाचही बदला, ५०० व्होल्टचे घ्या. बायसचा (आउटपुट वॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) कपॅसिटरही बदला. तो लहान दिसतो, पण तो गेला की आउटपुट वॉल्व्ह लाल होतात.

मूळ वायर दोनच तारांची असते आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मेन्समधून चॅसिसला जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांना करंट लागतो. तो काढून टाका, तीन पिनांची वायर लावा, अर्थ थेट चॅसिसच्या बोल्टला.

अमेरिकन मॉडेल ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपल्याकडे व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. स्वस्तातले बरेचसे ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, त्यात मेन्सपासून आयसोलेशन नसतं. वेगळ्या वाइंडिंगचाच घ्या. ५० हर्ट्झवर पॉवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून १२० पेक्षा ११० व्होल्ट बरे.

आता वीज, तीही ६० वॅटच्या जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बमधून, सिरीजमध्ये. सगळे वॉल्व्ह काढलेले. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक; भगभगीत राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शॉर्ट. मग दोन्ही ६व्ही६ (आउटपुट वॉल्व्ह) सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनवर बायस मोजा. पूर्ण मेन्सवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास हवेत. बल्बमुळे थोडे कमी दिसतील. एकीकडे शून्य असेल तर तिथे वॉल्व्ह घालूच नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय आवाज तर कधीच नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असाच मरतो.

वॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो कचऱ्यात. चालू असताना १२एएक्स७ ला (लहान प्रीअँप वॉल्व्हला) पेन्सिलीने हलकेच टोका; स्पीकरमधून घंटेसारखा घुमला तर मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारा.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणखी एक भानगड होते. सुटे भाग बसवलेला काळा फायबरबोर्ड ओल धरतो आणि पृष्ठभागावरून करंट गळतो. पॉट (आवाज-टोनची फिरती बटणं) फिरवताना खरखर येत असेल तर पॉटला दोष देण्याआधी, दोन आयलेटच्या (भाग सोल्डर केलेल्या धातूच्या भोकांच्या) मधल्या नुसत्या बोर्डवर डीसी व्होल्ट मोजा. चालू अँपमध्ये एक हात खिशात ठेवून. काही व्होल्ट दिसले तर बोर्ड हेअर ड्रायरने हळूहळू वाळवा.

निळे कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात फक्त सिग्नल सोडणारे) मात्र डीसी गळत नसतील तर राहू द्या. ते "नवे चांगले" म्हणून सरसकट उपटणारे मेकॅनिक भेटतात. त्यांच्याकडे अँप देऊ नका. जे काढाल ते पिशवीत घालून अँपबरोबरच ठेवा, पुढचा गिऱ्हाईक मागतोच.