कानामागे टाकलेलं

अथर्वशीर्ष म्हणताना ‘शूर्पकर्णकं’ हा शब्द जिभेवरून सहज निघून जातो. शूर्प म्हणजे सूप. उपमा आकाराला अगदी चपखल बसते, कामाला मात्र उलटी लागू पडते. पाखडताना सुपाचा वारा दाण्यांवर चालतो. फोलपट उडतं, सूप आहे तसंच राहतं. हत्ती कान हलवतो तेव्हा तो अंगाला वारा घालतोय असं आपल्याला वाटतं. मानेला, खांद्याला थोडाफार वारा लागतही असेल, पण गार करायचा असतो तो कानच.

चार टनांच्या धुडाची अडचण साधी आहे. अंग जितकं वाढतं, तितक्या प्रमाणात कातडी वाढत नाही. आत तयार झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला जागा अपुरी. त्यात पाठीवरचं कातडं दोन-अडीच सेंटिमीटर जाड. घामाच्या ग्रंथी नखांच्या आसपास, बाकी अंग कोरडं. कुत्र्यासारखी धाप टाकून भागवायचीही सोय नाही. मग उरतो कान. त्याच्या कडेची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर आणि मागच्या बाजूला शिरांचं जाळं, सागाच्या पानाच्या पाठीसारखं उठून दिसणारं. म्हणजे हत्तीच्या कानाची खरी कामाची बाजू ही मागची. आपण मात्र फोटो समोरूनच काढतो.

ऊन चढलं की कानातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम रक्त पातळ कातडीखाली पसरतं. कान हलला की कातडीला चिकटून बसलेला ऊन हवेचा थर सुटतो, त्या जागी ताजी हवा येते. कानातून परतणारं रक्त थोडं निवलेलं असतं. मोटारीच्या रेडिएटरचंही हेच काम. वारा चांगला असेल तर हलवायचे कष्टही नकोत. आफ्रिकेतले हत्ती अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करून कान नुसते पसरून उभे राहतात, म्हणजे झुळूक थेट शिरांवर येते. उघड्या माळावर राहणाऱ्या त्या हत्तींचे कान खांद्याच्याही वर जातात. दोन्ही कानांच्या दोन्ही बाजू धरल्या तर अंगाच्या एकूण कातडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा भरतो. आपला हत्ती झाडांच्या सावलीतला, त्याला लहान कान पुरतात. आणि सैबेरियातल्या लोकरी मॅमथचा कान होता फार तर 38 सेंटिमीटरचा. तिथे उष्णता घालवायची नव्हती, राखायची होती.

या यंत्राला एक मर्यादा आहे. हत्तीच्या अंगाचं तापमान साधारण 36 अंश. हवा त्याहून गार असेल तोवर कान उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यात गडचिरोलीत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कोरडा कान कितीही हलवला तरी बाहेरचीच ऊब आत येणार. कमलापूरच्या कॅम्पमधल्या हत्तींनाही त्या दिवसांत पाणी, चिखल आणि सावली याच गोष्टी उपयोगी पडतात. सोंडेनं कानामागे पाणी उडवलं की कान पुन्हा कामाला लागतो, कारण आता पाण्याची वाफ होताना उष्णता जाते. उरलेली उष्णता हत्ती दिवसभर अंगात साठवतो आणि रात्री हवा निवल्यावर सोडतो.

कानाची सगळीच हालचाल उन्हासाठी नसते. माश्या हाकलायला कान, शेपूट आणि सोंड तिन्ही लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर फांदी. नागरहोळेतले हत्ती लांब फांदी मोडून, डहाळ्या काढून, हाताजोगी (खरं तर सोंडेजोगी) आखूड करून घेतात. आवाजाचा अंदाज घेताना कान पसरून स्थिर होतात. म्हणून मुरलेला माहूत सकाळी आधी कान, शेपूट आणि सोंड पाहतो. तिन्ही चालू असतील तर जनावर बरं आहे. कान लोंबते आणि थंड पडलेले असतील तर खाणं-लेंडी नीट झाली का, ते लगेच बघायचं. माहुताची बोटं तर दिवसभर कानामागेच असतात. मानेवर बसून पायाच्या अंगठ्यानं तिथे दाबूनच तो हत्तीला वळवतो. वयाचा अंदाजही कानावरून घेता येतो: आपल्या हत्तीच्या कानाची वरची कड वाढत्या वयाबरोबर दुमडत जाते. अंदाजच तो, फाटका कान असेल तर तेवढाही धरू नये.

डॉक्टर रक्त काढतात तेही कानामागच्या शिरेतून. तिथे जपून राहावं लागतं, कारण शीर आणि धमनी शेजारी-शेजारी धावतात. दाहक औषध चुकून धमनीत गेलं किंवा शिरेबाहेर पाझरलं, तर कानाचा तुकडा काळा पडून झडू शकतो. रक्त घेऊन झाल्यावर बोळा दाबून धरायचा, नाहीतर गाठ येते. आणि थंडीच्या सकाळी घाई करून उपयोग नसतो. रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, बोटाला शीर लागतच नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कानामागे धरायचं, नाहीतर हत्तीला उन्हात उभं करून शीर वर येईपर्यंत थांबायचं.