पिंपावर ‘इन्फ्लॅमेबल’ लिहिलं होतं

रायगड जिल्ह्यात रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असतो त्या काळात माझा बहुतेक वेळ हॉट वर्क परमिटमध्ये जातो. कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, जिथे ठिणगी उडणार ती जागा आधी डोळ्यांनी पाहायची, गॅस टेस्ट घ्यायची आणि मगच सही करायची.

त्या दुपारी पाइपरॅकखाली एक कंत्राटी फिटर कटिंग सेट जोडून माझी वाट पाहत होता. तयारी चोख होती. चिंध्या, लाकडी पॅलेट, थिनरचे डबे सगळं लांब नेलेलं, फायर ब्लँकेट अंथरलेलं, एक्स्टिंग्विशर हाताशी. फक्त चार हातांवर टोल्युइनचं, म्हणजे रंगात वापरतात त्या द्रावकाचं, एक पिंप तसंच उभं होतं.

“दादा, हे का नाही हलवलं?”

“ते पेटत नाही ना साहेब. इन्फ्लॅमेबल लिहिलंय बघा. डब्यांवर फ्लॅमेबल होतं, ते हलवले.”

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटेल इतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, साधारण 4 अंश सेल्सिअस. म्हणजे कोकणात बाराही महिने त्याची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी पेट घ्यायला पुरते. शिवाय ती हवेच्या तिप्पट जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. आधी पिंप हलवून घेतलं, मग त्याच्याशी बोलायला बसलो.

त्याचा तर्क ऐकून मी खरंच थक्क झालो. इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, इनॲक्टिव्ह म्हणजे बंद. आणि आपल्याच टाक्यांत आग लागू नये म्हणून नायट्रोजन सोडतात, त्याला सगळे इनर्ट म्हणतात. मग इन्फ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं, दुसरं काय? यातलं शेवटचं सोडलं तर सगळं बरोबर होतं. इनर्टमधला ‘इन’ खरोखर नकाराचाच आहे. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ कसब नसलेला, म्हणून निष्क्रिय. पण लॅटिनमध्ये ‘आत’ या अर्थाचाही ‘इन’ आहे. फ्लामा म्हणजे ज्वाळा, इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं, आणि त्यातून इन्फ्लॅमेबल: पेटू शकणारं. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात तो शब्द याच घरातला. आपण त्याला दाह म्हणतो, तेव्हा आपणही जळण्याचीच भाषा बोलतो.

म्हणजे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. इन्फ्लॅमेबल इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे, फ्लॅमेबल एकोणिसाव्या शतकात आला आणि बराच काळ फारसा कोणी वापरत नव्हतं. त्याला पुढे आणलं ते आगीशी रोज गाठ पडणाऱ्यांनी. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात तो उचलून धरला, आणि ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने 1959मध्ये संदिग्धता टाळण्यासाठी फ्लॅमेबल आणि नॉन-फ्लॅमेबल हेच शब्द वापरावेत असं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे मात्र 1952च्या कायद्याचं नावच ‘इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ आहे, आणि हायवेवरच्या टँकरच्या पाठीवर तोच शब्द आजही वाचायला मिळतो.

कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, “साहेब, माणूस अडाणी आहे, त्याला बदलतो.” मला ते अजिबात पटलं नाही. अडाणी माणसाने लेबल वाचलंच नसतं. याने दोन्ही लेबलं वाचली, ताडून पाहिली आणि त्यानुसार वागला. एकाच स्टोअरमधून एकाच धोक्याचे दोन शब्द बाहेर पडत असतील तर दोष वाचणाऱ्याच्या माथी का मारायचा? नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या अहवालात कारण म्हणून मी ‘लेबल’ लिहिलं, फिटरचं नाव नाही. त्याला बदलूही दिलं नाही.

त्यानंतर प्रत्येक पिंपावर ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन आणि खाली मराठीत ‘ज्वालाग्राही’, हिंदीत ‘ज्वलनशील’ असं लागतं. खरेदीच्या ऑर्डरमध्ये फ्लॅमेबल हाच शब्द हवा अशी अट घातली. बहुतेक पुरवठादारांनी ती मानली. एकदोघांचा माल अजून जुन्या लेबलाने येतो आणि गेटवरच थांबतो.

नव्या माणसांच्या इंडक्शनमध्ये आता मी इन्फ्लॅमेबलचं जुनं लेबल दाखवून विचारतो, हे पेटेल असं किती जणांना वाटतं? दर वेळी काही हात खालीच राहतात, आणि त्यांत नवे ट्रेनी इंजिनिअरही असतात.