पुण्याची हवा आणि आईचा खोकला

पुण्यात हवेचा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, अहो एकदा दिल्लीला जाऊन बघा. मला हे खरंच खटकतं. दिल्लीची हवा वाईट आहे म्हणून आपल्या छातीत जाणारा धूर काही कमी होत नाही ना.

माझ्या आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसाचा आजार. तिने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, पण गावी बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केलाय आणि आता आम्ही सिंहगड रोडला राहतो. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. दिवाळीनंतर आईचं सुरू होतं, रात्री आडवं झालं की छातीत घरघर, मग दोन उश्या लावून बसून राहायचं, पंप घ्यायचा, आणि सकाळी एक जिना चढली तरी मधे कठडा धरून उभी राहते, बोलता येत नाही, नुसती हाताने थांब म्हणते.

थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते, त्यामुळे धूर वर जाऊन पांगत नाही, इथेच खाली साचतो, त्यात आपलं पुणं टेकड्यांच्या मधे बसलेलं. आणि नेमकं त्याच वेळेला पहाटे रस्त्याच्या कडेला पाचोळा आणि प्लॅस्टिक एकत्र पेटवलेलं असतं. बाकी गाड्या, बांधकामं, तयार काँक्रीट बनवणारे आरएमसी प्लांट, उघडी खडी-वाळू घेऊन जाणारे डंपर, खोदून तसेच सोडलेले रस्ते, हे रोज बघतोच आपण.

ॲपवर बघावं तर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, ९५, समाधानकारक. पण आपल्याकडे एक्यूआय १०० म्हणजे पीएम २.५ चे, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचे, दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा २०२१ पासून १५ आहे. म्हणजे चौपट असलं तरी आपल्याकडे ते समाधानकारकच. शिवाय तो आकडा त्या स्टेशनजवळचा, स्वारगेटला सिग्नलवर बसच्या मागे उभं राहून आपण जे ओढतो ते वेगळंच.

हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, नाकात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या पार टोकापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तात उतरतात. म्हणून हा नुसता खोकल्याचा प्रश्न नाहीये, हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, कमी वजनाची बाळं, सगळं याच्याशी जोडलेलं आहे. २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरचं कारण म्हणून अधिकृत यादीत घातलं गेलं. २०१९ मध्ये भारतात प्रदूषित हवेमुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. आपल्या मुली टू-व्हीलरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याने ऊन आणि जाड धूळ अडते पण हे कण नाही अडत, त्याला एन-९५ च लागतो. आणि चौकात दिवसभर उभे असणारे ट्रॅफिक पोलिस, कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्या, त्यांनी किती वेळ मास्क लावून बोलायचं?

आमच्या सोसायटीत आता पाचोळा जाळणं बंद केलंय, मागे खड्डा करून त्यात टाकतात, ही गोष्ट कुठल्याही सोसायटीला जमण्यासारखी आहे. आईचं फिरणं पहाटेऐवजी ऊन चढल्यावर, मेन रोड सोडून आतल्या गल्लीतून. घरात मच्छर कॉइल आणि धूप पूर्ण बंद. आणि ज्यांच्या घरी दम्याचा किंवा सीओपीडीचा पेशंट आहे त्यांनी दिवाळीची वाट न बघता आधीच डॉक्टरांना भेटून पंपाचा डोस आणि फ्लूची लस विचारून घ्या, आणि पंप नीट ओढला जातोय का हे त्यांच्यासमोरच एकदा करून दाखवायला लावा.